आत्याचे बारा लाख आणि बुधवारचा लिलाव

कोकणातलं वडिलोपार्जित घर विकलं गेलं आणि आत्याच्या वाटणीचे बारा लाख रुपये तिच्या बचत खात्यात जमा झाले. आत्या मुलुंडला राहते. महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली, सत्तरी ओलांडली, निवृत्तिवेतनावर तिचं नीट भागतं. या पैशांचा हिशेब तिच्या मनात पक्का होता. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन डॉक्टरांनी वर्षभरात करून घ्या म्हणून सांगितलं होतं, त्याला साधारण निम्मे. उरलेले म्हातारपणासाठी, म्हणजे भाचरांना आपल्यासाठी खिशात हात घालावा लागू नये म्हणून.

पैसे जमा झाले त्याच आठवड्यात बँकेतून फोन आला. मग एक तरुण रिलेशनशिप मॅनेजर घरीच आला. वागायला अत्यंत नम्र. त्यानं टेबलावर एक रंगीत कागद पसरला. दहा वर्षं दरवर्षी एक लाख भरायचे, पुढे आयुष्यभर परतावा. ‘एफडीसारखंच आहे मॅडम, उलट जास्तच देतं,’ असं तो म्हणाला. कागदावर खाली बारीक अक्षरात विमा कंपनीचं नाव होतं. आत्यानं दोन प्रश्न विचारले. पहिला, पुढच्या वर्षी गुडघ्यासाठी लागतील तेव्हा यातले पैसे परत मिळतील का? त्यावर कर्ज काढता येईल, असं उत्तर मिळालं. दुसरा, बातम्यांत ते सरकारचं ट्रेझरी बिल म्हणतात, ते तुमच्याकडे मिळतं का? ‘ते मोठ्या कंपन्यांसाठी असतं,’ तो म्हणाला. आत्यानं कागद घडी घालून ठेवला, सही केली नाही आणि संध्याकाळी मला फोन लावला. ‘अरे, ज्या बँकेत मी वीस-पंचवीस वर्षं पासबुक भरून घेतेय, तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, तेवढं मला नीट सांग.’

मी अर्थविषयक लिहितो, म्हणून घरात असे प्रश्न माझ्याकडे येतात. याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, हे मला तिला फोनवरच सांगावं लागलं. पुढच्या रविवारी मी मुलुंडला गेलो.

मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात हा प्रश्न कोणालाही नवा नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी, हिचं मुख्यालय भांडुपला होतं. सप्टेंबर २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिच्यावर निर्बंध घातले आणि पहिल्या आदेशात खातेदाराला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा दिली. ती मर्यादा काही दिवसांत दहा हजारांवर गेली, मग पंचवीस, चाळीस, पन्नास हजार आणि जून २०२०मध्ये एक लाखावर. कारण नंतर उघड झालं. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ती लपवण्यासाठी एकवीस हजारांवर बनावट कर्जखाती दाखवली गेली होती. ठेवी होत्या सुमारे साडेअकरा हजार कोटींच्या. त्यात निवृत्तांच्या ठेवी होत्या, गृहनिर्माण संस्थांचे दुरुस्ती निधी होते, छोट्या दुकानदारांचं भांडवल होतं. रिझर्व्ह बँकेच्याच कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थांच्या मोठ्या ठेवीही तिथे होत्या. ज्यांचं आयुष्य बँकांच्या जगात गेलं त्यांनाही आतली स्थिती दिसली नव्हती. मग आत्यासारखीनं ती शाखेत जाऊन, काउंटरवरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून ओळखावी, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

जानेवारी २०२२मध्ये पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. विलीनीकरणाच्या योजनेत मोठ्या ठेवीदारांचे पैसे दहा वर्षांपर्यंत हप्त्यांनी परत करायचं ठरलं. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षं थांबायला सांगणं म्हणजे काय, हे आत्याच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. आत्याच्या खालच्या मजल्यावरचे एक काका त्या यादीत होते.

बँकेत पैसे ठेवले की ते आपले राहतात, असं आपण धरून चालतो. कायद्याच्या नजरेत ठेव म्हणजे आपण बँकेला दिलेलं कर्ज असतं. आपण धनको, बँक ऋणको, आणि या कर्जाला तारण काही नसतं. आपले पैसे बँक पुढे कोणाला देते हे आपल्याला कोणी विचारत नाही, सांगतही नाही. या कर्जाच्या मागे जो एक आधार आहे तो ठेव विम्याचा. १९६०मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, देशभर घबराट पसरली, आणि त्यातून १ जानेवारी १९६२ला ठेव विमा सुरू झाला. तेव्हा संरक्षण होतं दीड हजार रुपयांचं. वाढत वाढत १९९३मध्ये ते एक लाख झालं आणि पुढची जवळजवळ सत्तावीस वर्षं तिथेच थांबलं. पीएमसीचा हाहाकार झाल्यावर, ४ फेब्रुवारी २०२०पासून ते पाच लाख झालं.

पाच लाखांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण शाखेत तो क्वचितच कोणी सांगतं. एका व्यक्तीच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखांमधल्या, सगळ्या प्रकारच्या ठेवी एकत्र धरून, मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख. दोन शाखांत ठेवले म्हणून दहा होत नाहीत, दोन वेगळ्या बँकांत ठेवले तर होतात. आणखी एक सुधारणा २०२१ची. पूर्वी बँकेवर निर्बंध असले तरी ती अवसायनात निघेपर्यंत विम्याचे पैसे मिळत नसत. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३मध्ये निर्बंध आले आणि तिचा परवाना रद्द झाला २०२२मध्ये. आता निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. फेब्रुवारी २०२५मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तिजोरीतली १२२ कोटींची रोकड गायब असल्याचं बाहेर आलं आणि तिच्यावर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांच्या हाती निदान हा कायदा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली.

पतसंस्थांना आणि मल्टिस्टेट सोसायट्यांना मात्र हा विमा लागूच नाही. पाटीवर कितीही मोठ्या अक्षरात ‘ठेव सुरक्षित’ लिहिलेलं असो. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ठेवीदारांचे पैसे २०२३पासून अडकले, हे मराठवाड्यातल्या गावागावांत माहीत आहे. ऊसबिल, मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे, जमीन विकून आलेली रक्कम, सगळं एक-दोन टक्के जादा व्याजासाठी तिथे गेलं होतं.

विश्वासाचा दुसरा प्रश्न याहून अवघड आहे, कारण बँक बुडत नसतानाही तो उभा राहतो. बँक आपले पैसे सांभाळते तशी ती आपल्याला वस्तूही विकते, आणि विकणाऱ्याचं हित प्रत्येक वेळी घेणाऱ्याच्या हिताशी जुळत नाही. येस बँकेचं उदाहरण मी आत्याला सविस्तर सांगितलं. या बँकेनं आपले ‘एटी-वन’ रोखे विकले होते. बँक संकटात आली तर या रोख्यांचं मुद्दल शून्य करता येतं, ही त्यांची मूळ अट. मार्च २०२०मध्ये तसंच झालं आणि ८,४१५ कोटींचे रोखे एका फटक्यात शून्य झाले. सेबीच्या चौकशीत दिसलं की १,३४६ व्यक्तींनी त्यांत पैसे घातले होते, त्यांतले १,३११ बँकेचेच ग्राहक होते, आणि २७७ जणांनी मुदतठेवी मोडून ते रोखे घेतले होते. एप्रिल २०२१मध्ये सेबीनं बँकेला पंचवीस कोटींचा दंड केला. रोखे शून्य करण्याचा वाद पुढे न्यायालयांत गेला. मला त्या २७७ जणांचाच विचार सतावतो. ठेव मोडताना त्यांनी कोणा अनोळखी माणसाचं ऐकलं नव्हतं. आपल्याच शाखेतल्या माणसाचं ऐकलं होतं.

आत्याकडे आलेला तरुण लबाड होता असं मी म्हणत नाही. त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं. ट्रेझरी बिल विकून त्याला आणि त्याच्या बँकेला काहीच मिळत नाही, विमा विकून मिळतं. पण त्यानं जे सांगितलं ते खरं नव्हतं, आणि ऐकणारी बाई सत्तरीची होती, हे मी सोडून देऊ शकत नाही.

ट्रेझरी बिल म्हणजे केंद्र सरकारनं थोड्या मुदतीसाठी घेतलेलं कर्ज. मुदती तीन: ९१ दिवस, १८२ दिवस आणि ३६४ दिवस. यावर व्याज नसतं. शंभराचं बिल शंभरापेक्षा कमी भावात मिळतं आणि मुदत संपली की सरकार पूर्ण शंभर देतं. भारतात ही बिलं १९१७पासून निघताहेत. दर बुधवारी रिझर्व्ह बँक त्यांचा लिलाव करते. ज्या बँका आपल्या ठेवी घेतात त्या स्वतः याच लिलावात बोली लावतात, कारण ठेवींच्या किमान अठरा टक्के इतकी रक्कम त्यांना सरकारी रोखे, ट्रेझरी बिलं अशा ठिकाणी ठेवावीच लागते. बँकेला जे सुरक्षित म्हणून घ्यायला लावलं जातं, ते तिच्या ठेवीदाराला ‘तुमच्यासाठी नाही’ म्हणून सांगितलं जातं, याचा मला राग येतो.

१२ नोव्हेंबर २०२१ला ‘आरबीआय रिटेल डायरेक्ट’ सुरू झालं आणि कोणत्याही सामान्य माणसाला रिझर्व्ह बँकेकडे थेट खातं उघडता येऊ लागलं. खात्याला शुल्क नाही. किमान दहा हजार, मग दहा हजारांच्या पटीत. पॅन, आधारशी जोडलेला मोबाइल, नेट बँकिंग किंवा यूपीआय असलेलं बचत खातं आणि नॉमिनीचा तपशील एवढं लागतं. आत्याचं खातं आम्ही तिच्या डायनिंग टेबलावर बसून उघडलं. ओटीपी तिनंच टाकले. मी टाकू का म्हटल्यावर ‘पैसे माझे आहेत,’ म्हणाली.

भाव आपण ठरवायचा नसतो. मोठे खेळाडू भाव बोलतात, आपण फक्त रक्कम सांगायची आणि लिलावात निघालेल्या सरासरी भावानं बिल आपल्याला मिळतं. आधी थोडे जास्त पैसे भरून घेतात, भाव ठरल्यावर उरलेले परत येतात. आत्याला शाळेतल्या गणितासारखं मांडून हवं होतं, म्हणून मी तिच्या वहीत लिहिलं: समजा ९१ दिवसांच्या बिलाचा भाव ९८ रुपये ६५ पैसे निघाला, तर दहा हजारांच्या बिलाला ९,८६५ भरायचे, तीन महिन्यांनी दहा हजार मिळतात, फायदा १३५. वर्षाच्या हिशेबानं साडेपाच टक्क्यांच्या जवळपास. तिनं ते स्वतः पुन्हा करून पाहिलं आणि मग म्हणाली, ‘हे तर माझ्या एफडीपेक्षा कमी आहे.’

बरोबरच होतं तिचं. ज्येष्ठांना बँका मुदतठेवीवर सहसा अर्धा टक्का जादा देतात, त्यामुळे ट्रेझरी बिल व्याजात बरेचदा मागे पडतं. मिळालेला फायदा तिच्या उत्पन्नात धरला जातो, त्यावर स्लॅबप्रमाणे कर आहे, आणि उगमातून कापला जात नसल्यानं विवरणपत्रात आठवणीनं दाखवावा लागतो. मुदतीआधी विकायचं तर विकता येतं, पण लहान रकमेला गिऱ्हाईक लगेच मिळेलच असं नाही. या सगळ्याच्या बदल्यात मिळतं ते एवढंच की आपला ऋणको बदलतो. बँकेऐवजी भारत सरकार आपलं देणं लागतं, आणि त्याला पाच लाखांची मर्यादा नसते.

म्हणून सगळे पैसे तिकडे वळवायला मी सांगितलं नाही. म्हातारपणासाठीच्या रकमेला ज्येष्ठ नागरिक बचत योजना कितीतरी चांगली, तिथे ८.२ टक्के व्याज आहे, दर तिमाहीला मिळतं, आणि हमी सरकारचीच. मर्यादा तीस लाखांची, आत्याची त्यात अजून जागा शिल्लक होती. पाच लाख पोस्टात गेले. दोन लाख बचत खात्यात राहिले, कारण रात्री-अपरात्री दवाखान्यात धावायचं तर बिल विकत बसता येत नाही. गुडघ्यांसाठीचे पाच लाख बुधवारच्या लिलावात गेले, ऑपरेशनच्या अंदाजानं काही १८२ दिवसांच्या आणि काही ९१ दिवसांच्या बिलांत.

पहिल्या खेपेची मुदत संपली त्या दिवशी पैसे आपसूक तिच्या बचत खात्यात आले. त्याच बँकेच्या, त्याच खात्यात. बँकेला टाळून कुठे जाता येत नाही, पैसे तिथूनच निघतात आणि तिथेच परत येतात. म्हणून आत्यानं खातं बंद केलं नाही, पासबुक भरायला ती अजून जाते. फक्त घरी यायची परवानगी आता बँकेतल्या कोणाला देत नाही. नवीन काही विकायचं असेल तर लेखी द्या, कमिशन किती मिळतं तेही त्यात लिहा, असं तिनं शाखेत अर्ज देऊन कळवलं आहे. पोच घेतली आहे. उत्तर आलेलं नाही.

सोसायटीतल्या बायका आता तिच्याकडे वही घेऊन येतात. त्यातल्या बऱ्याच जणींना खातं उघडता येणार नाही, कारण नेट बँकिंग किंवा यूपीआय नाही, मोबाइल मुलाच्या नावावर आहे, किंवा आधारला जुना नंबर जोडलेला आहे. रिझर्व्ह बँकेनं ॲप काढलं, ट्रेझरी बिलांत दर खेपेला आपोआप बोली लागावी अशी सोयही २०२५मध्ये जाहीर केली. पण या बायकांना पोस्टाची खिडकी कळते, तिथला फॉर्म भरता येतो, तिथल्या माणसाला चार प्रश्न विचारता येतात. ज्येष्ठ नागरिक योजनेचा फॉर्म ज्या खिडकीवर मिळतो, तिथेच बुधवारच्या लिलावाचाही मिळायला हवा. आत्या म्हणते, रिझर्व्ह बँकेला तसं पत्र लिही. मसुदा तिनंच केला आहे, सह्या सोसायटीतल्या बायकांच्या आहेत, आणि या आठवड्यात ते पत्र स्पीड पोस्टानं जाईल.