उसाचं जमलं, दुधाचं जमलं, आता घराचं

कागलच्या बाजारपेठेत संध्याकाळी पिग्मीवाले फिरतात. चहाच्या गाड्यावरून शंभर, शिलाईच्या दुकानातून दोनशे, केशकर्तनालयातून पन्नास. पावती फाडायची, पैसे घ्यायचे आणि पुढच्या दाराशी जायचं. ही रोजची ठेव १९२८ मध्ये उडुपीच्या बँकेनं सुरू केली, तीच पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली. कर्नाटकाच्या सीमेला टेकलेल्या या तालुक्यात पिग्मी इतकी मुरली आहे की ती बाहेरून आली असेल, असं कुणाला वाटतही नाही. तिच्या जोडीला भिशी असते, दर दहा दिवसांनी येणारं दुधाचं बिल असतं, दिवाळीआधी दूध संघाकडून मिळणारा दरफरक असतो आणि उसाच्या बिलाची वाट पाहणं असतं. ‘यंदा काय ते जागेचं बघूया’ हे वाक्य कागलमधल्या बऱ्याच घरांत दर दिवाळीला बोललं जातं. ते बोलणाऱ्यांची बचतीची जिद्द कुठंच कमी पडत नाही.

कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर, पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागून असलेलं हे गाव आता नुसतं शेतीचं राहिलेलं नाही. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत फाउंड्र्या, मशीनशॉप आणि कापडाचे कारखाने उभे राहिले. तिथं तीन पाळ्यांत काम करणारी तरुण माणसं आसपासच्या गावांतून येतात, निपाणीकडूनही येतात. गावच्या घरात दोन भावांच्या वाटणीला दीड-दीड खोली येते. लग्न होतं, मूल शाळेत जायला लागतं आणि भाड्याच्या खोलीतला संसार स्वतःच्या दाराची स्वप्नं पाहू लागतो. कष्टकरी माणसाला स्वतःच्या चार भिंती म्हणजे काय, हे मराठी वाचकाला कागलनंच सांगितलं आहे. इथल्याच गरीब शेतकरी कुटुंबात वाढलेल्या आनंद यादवांच्या ‘झोंबी’ला १९९० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्यांच्या आत्मचरित्राच्या पुढच्या एका भागाचं नावच ‘घरभिंती’ आहे.

आता हिशेब मांडून बघू. समजा, नवरा मशीनशॉपमध्ये आहे, बायको घरी शिलाई करते आणि दोघांच्या नजरेत पंचवीस लाखांचं छोटं घर आहे. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनं बँकांना दिली आहे. म्हणजे अडीच लाख स्वतःचे हवेत. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि वकिलाचा खर्च मिळून आणखी पावणेदोन लाखांच्या आसपास जातात आणि कर्ज ठरवताना बँक हा खर्च सहसा घराच्या किमतीत धरत नाही. एकूण सव्वाचार लाख झाले. रोज दोनशे रुपये पिग्मी भरली तर वर्षाला ७३ हजार आणि सहा वर्षांत ४ लाख ३८ हजार जमतात. बेत अगदी बरोबर बसतो.

फक्त सहा वर्षं घर थांबत नाही. भाव वर्षाला पाच टक्के जरी वाढले, तरी पंचवीस लाखांचं घर सहा वर्षांनी साडेतेहतीस लाखांचं होतं. आपण चालत असतो आणि गाव पुढं पुढं सरकत असतं. याच भीतीपोटी माणूस घाई करतो, जवळ असेल त्यात हात घालतो आणि उरलेलं हातउसनं किंवा सोनं गहाण ठेवून उभं करतो.

घाईचा दुसरा धोका व्याजदराचा. मे २०२२ च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत, जेमतेम दहा महिन्यांत, तो साडेसहावर गेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जं अशा बाहेरच्या दराला बांधलेली असल्यानं ही वाढ थेट हप्त्यात उतरली. वीस लाखांचं वीस वर्षांचं कर्ज ६.७ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता १५,१४८ रुपये येतो. दर अडीच टक्क्यांनी चढला की तोच हप्ता १८,२५३ होतो. याहून अंगावर येणारी गोष्ट वेगळीच आहे. ९.२ टक्क्यांनी वीस लाखांवर एका महिन्याचं नुसतं व्याजच १५,३३३ रुपये होतं. म्हणजे जुना हप्ता तसाच ठेवला तर मुद्दल एका रुपयानंही कमी होत नाही. पुढं २०२५ मध्ये दर टप्प्याटप्प्यानं उतरले आणि डिसेंबरमध्ये रेपो सव्वापाचवर आला. पण मधल्या काळात ज्यांच्या पगारातून दरमहा तीन हजार जादा गेले, त्यांच्या मुलांची शिकवणी किंवा म्हाताऱ्यांची औषधं कुठंतरी कापली गेलीच. म्हणून डाउन पेमेंटसोबत निदान सहा हप्त्यांचे पैसे बाजूला असल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नये. ऑर्डर घटल्या की फाउंड्रीतला ओव्हरटाइम बंद होतो, बँकेचा हप्ता मात्र बंद होत नाही.

साठवलेला पैसा ठेवायचा कुठं, हाही तितकाच मोठा प्रश्न. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांतल्या ठेवींनाही, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. पिग्मी ही सवय लावायला उत्तम, पण वर्षाची रक्कम जमली की ती उचलून बँकेच्या किंवा पोस्टाच्या मुदत ठेवीत टाकलेली बरी. एवढं एक पाऊल सहा वर्षांची कमाई वाचवू शकतं.

सरकारी मदतही आहे आणि ती माहीत नसल्यामुळं अनेकांच्या हातून निसटते. सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये वार्षिक नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि देशात कुठंही पक्कं घर नसलेल्या कुटुंबाला व्याज अनुदान मिळू शकतं. घर पस्तीस लाखांपर्यंतचं आणि कर्ज पंचवीस लाखांपर्यंतचं असेल तर पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत. महाराष्ट्रात घर स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. शिलाई मशीनवर बसून निम्मी पिग्मी भरणाऱ्या बाईचं नाव खरेदीखतावर यावं, याला सवलतीचं कारण लागू नये, पण लागत असेल तर तेही आहे.

या सगळ्याहून कागलसारख्या गावात जास्त अनिश्चित असतो तो जागेचा कागद. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. महामार्गाच्या कडेच्या शेतात चुन्याच्या रेघा मारून गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले जातात. जमीन बिगरशेती झालेली नसते, आराखडा मंजूर नसतो आणि तुकडेबंदी कायद्यामुळं खरेदीखत अडतं. मग नोटरीच्या कागदावर व्यवहार होतो आणि सात-बारावर जुन्याच मालकाचं नाव राहतं. २०२५ मध्ये राज्य सरकारनं शहरी भागातले असे तुकडे नियमित करण्याचं धोरण जाहीर केलं. ज्यांचे पैसे अडकले होते त्यांना त्यानं दिलासा मिळेल, पण नव्यानं घेणाऱ्यानं पुढच्या माफीच्या भरवशावर आजची कमाई ओतू नये.

सात-बारा कोरा दिसला म्हणजे झालं, असंही नाही. जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, आहे का, देवस्थान इनाम आहे का, हे बघावं लागतं. कोल्हापूर जिल्ह्यात अशा जमिनी कमी नाहीत. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला, तेव्हा विकणाऱ्याच्या बहिणींच्या सह्या आहेत का, हेही तपासावं लागतं. दूधगंगेच्या काठालगत जागा असेल तर २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं, हे शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं. फ्लॅट घेतानाही महारेराचं कवच सगळीकडं पोचत नाही. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर नोंदणीची सक्तीच नाही आणि छोट्या गावातल्या बऱ्याच इमारती नेमक्या एवढ्याच असतात.

एवढं सगळं एकट्या कुटुंबानं तपासायचं? पाळी संपवून तलाठी कार्यालय गाठायचं, वकिलाची फी एकट्यानं भरायची, मालकाशी एकट्यानं घासाघीस करायची? हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यात विचारावा लागतो, याचं वाईट वाटतं. एकट्या शेतकऱ्याला ऊस विकता येत नव्हता, तेव्हा या जिल्ह्यानं सहकारी कारखाने काढले. कागलचा छत्रपती शाहू कारखाना डोळ्यांसमोर आहे. एक म्हैस असलेल्या बाईला दुधाचा रास्त भाव मिळत नव्हता, तेव्हा गावोगावच्या दूध संस्था ‘गोकुळ’शी जोडल्या गेल्या. घराच्या बाबतीत मात्र आपण प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलं आहे.

घराचा सहकार नवा नाही. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकींच्या पुढाकारानं सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. सोलापूरच्या विडी कामगारांनी आणि असंघटित मजुरांनी संघटनेच्या बळावर वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि कुंभारीजवळच्या रे नगरातली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांच्या ताब्यात आली. तिथला विडी कामगार फाउंड्रीतल्या माणसापेक्षा श्रीमंत नव्हता. त्याच्या पाठीशी संघटना होती, एवढाच फरक.

सहकारात गैरव्यवहार झालेले नाहीत, असं कुणी म्हणणार नाही. म्हणूनच संस्था एकाच कामापुरती असावी, खातं वेगळं असावं, दरवर्षीचं लेखापरीक्षण सभासदांपुढं वाचलं जावं आणि जागेचा टायटल एकदाच, पण नीट तपासून घ्यावा. पन्नास कुटुंबांनी मिळून दोन एकर बिगरशेती जमीन घेतली, तर वकील एक, आराखडा एक आणि भाव करायला पन्नास जणांचं वजन. पंचतारांकित वसाहतीतल्या कामगार संघटनांनी, गावातल्या बँकांनी आणि नगरपरिषदेनं एकत्र बसून अशी पहिली संस्था काढावी. पिग्मी भरणारी माणसं तयारच आहेत.