थायरॉइडची सोनोग्राफी: कधी हवी, कधी नको



मंदिरातून दर्शन करून बाहेर पडलं की चपला घालता घालता ज्या गप्पा होतात, त्यात हल्ली थायरॉइड हमखास असतो. "माझा टीएसएच आठ आला", "माझी गोळी पन्नासची झाली", हे सगळ्यांना पाठ आहे. पण डॉक्टरांनी गळ्याची सोनोग्राफी लिहून दिली की धाबं दणाणतं. सोनोग्राफी म्हणजे गाठ आणि गाठ म्हणजे कॅन्सर! उलट टीएसएच जरा वाढला की "सोनोग्राफी का नाही सांगितली?" म्हणून डॉक्टर बदलणाऱ्याही आहेत.

मिक्सर नीट वाटतोय का हे एक, आणि त्याच्या भांड्याला तडा गेलाय का हे दुसरं. रक्ताची तपासणी ग्रंथीचं काम सांगते, सोनोग्राफी तिचा आकार आणि पोत दाखवते. म्हणून नुसता टीएसएच वाढलाय, गळ्याला हाताला काही लागत नाही, तर सोनोग्राफी सरसकट करू नये, असं अमेरिकेतल्या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच सांगितलं आहे. त्या गोळीचा डोस रक्तावरून ठरतो, चित्रावरून नाही.

मग कधी लागते? गळ्याला गाठ किंवा सूज लागली, आवाज बसला आणि बरेच दिवस सुटला नाही, गिळताना अडकल्यासारखं वाटलं, दुसऱ्या कशासाठी केलेल्या स्कॅनमध्ये अचानक गाठ दिसली, किंवा जुन्या गाठीवर लक्ष ठेवायचं असलं तर.

माझ्या मोठ्या जाऊबाईंचं असंच झालं. दशलक्षणात त्यांचा निर्जळी उपवास होता आणि नेमकी त्याच दिवशी डोंबिवलीत डॉक्टरांची वेळ मिळाली. थायरॉइडची गाठ गिळताना वरखाली हलते, म्हणून डॉक्टर घोटभर पाणी प्यायला सांगतात. जाऊबाईंनी ग्लासाला हात लावला नाही. डॉक्टर हसून म्हणाले, "बरं आजी, नुसती थुंकी गिळा." तेवढ्यावर गाठ कळली. सोनोग्राफीही त्याच संध्याकाळी झाली. पोटाच्या सोनोग्राफीसारखं पाणी पिऊन बसायचं नाही, उपाशी राहायचं नाही, त्यामुळे उपवास आड येत नाही की मोडत नाही. खांद्याखाली उशी, मान मागे, गळ्यावर गार जेल आणि दहा-पंधरा मिनिटं. सुई नाही, एक्स-रेसारखे किरण नाहीत, फक्त आवाजाच्या लहरी. मंगळसूत्र तेवढं काढावं लागतं. जाऊबाईंना सगळ्यात जड तेच गेलं.

रिपोर्टमध्ये १.८ सेंटिमीटरची गाठ आणि "टायरॅड्स ३". घरात कुणी जेवेना. हा आकडा कॅन्सरच्या स्टेजचा नाही, हे समजावता समजावता माझा घसा बसला. गाठ घट्ट आहे की पाण्याची, कडा सरळ की वेड्यावाकड्या, रुंदीपेक्षा उंच आहे का, आत चुन्यासारखे बारीक ठिपके आहेत का, याला गुण देऊन १ ते ५ असा दर्जा लावतात. १ म्हणजे निर्धास्त, ५ म्हणजे संशय जास्त. २०१७ च्या अमेरिकन पद्धतीनुसार ३ दर्जाच्या गाठीत सुई घालतात ती २.५ सेंटिमीटर किंवा मोठी असली तरच. ५ दर्जाची असेल तर १ सेंटिमीटरलाच. म्हणून जाऊबाईंना सुई नको, वर्षाने पुन्हा बघू, असं सांगितलं. शंभरातल्या नव्वदहून जास्त गाठी साध्या निघतात. आणि सुईच्या तपासणीत कॅन्सर निघालाच, तरी सर्वांत जास्त आढळणारा प्रकार वेळेवर उपचार झाले तर बहुतेकींचा बरा होतो. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. थायरॉइडच्या रुग्णांना किरणोत्सर्गी आयोडीन तिथे दिलं जातं.

आयोडीनवरून आठवलं. व्रतापुरतं सैंधव ठीक, पण काही घरांत बारा महिने सैंधवच वापरतात. त्यात आयोडीन नगण्य असतं, आणि ते कमी पडलं की ग्रंथी फुगते. व्रताचं मीठ वेगळ्या बरणीत ठेवा की!

आता मंडळाचा विषय. महावीर जयंतीच्या आरोग्य शिबिरात सगळ्यांची थायरॉइड सोनोग्राफी स्वस्तात करून देतो, असा प्रस्ताव आला होता. ऐकायला छान, पण मी विरोध केला. दक्षिण कोरियात असंच झालं. इतर तपासण्यांबरोबर थोडे पैसे भरून लोक गळ्याची सोनोग्राफी करून घेऊ लागले. २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं होतं, मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे जन्मभर त्रास दिला नसता अशा बारीक गाठींसाठी हजारोंच्या ग्रंथी काढल्या गेल्या. त्यांना आयुष्यभर गोळी लागली, काहींचा आवाज गेला. २०१४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी हे थांबवा म्हणून आवाज उठवला, तेव्हा ऑपरेशनं कमी झाली.

एकदोघी रागावल्या, "फुकटात मिळतंय तर नको का म्हणतेस?" शेवटी ठरलं ते असं: शिबिरात डॉक्टर प्रत्येकीचा गळा हाताने तपासतील आणि ज्यांना गाठ लागेल त्यांनाच सोनोग्राफीची चिठ्ठी मिळेल. ज्यांची आधी झाली आहे त्यांनी जुना रिपोर्ट घेऊन यावं. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे दोन रिपोर्ट शेजारी ठेवल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. जाऊबाईंचा मी देवघराच्या कपाटात ठेवलाय, तिथून तो हरवत नाही.