वाण तेच, रान वेगळं

किटाले, केनिया

ती. आबांस,
सा. न.

किटालेला सुखरूप पोचले. उंची सुमारे १,९०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर. सकाळी स्वेटर लागतो. मार्च-एप्रिलात पेरलेला मका इथे दिवाळीच्या सुमारास निघतो. आपल्याकडे मका चार महिन्यांत घरात येतो. इथलं जुनं लाडकं संकरित वाण एच ६१४ सहा-सात महिने रान अडवून बसतं. दाणा पांढरा, कारण हा मका कोंबड्यांसाठी नाही, माणसांच्या ताटासाठी. पीठ घट्ट शिजवून उगाली करतात; रोजचं जेवण तेच.

‘सगळ्यात चांगलं वाण कोणतं ते बघून ये,’ असं तुम्ही सांगितलं होतं. १९६० च्या दशकात याच गावी काम केलेले अमेरिकन पैदासकार एबरहार्ट यांनी रसेल यांच्यासह १९६६ मध्ये ते ठरवण्याची एक रीत मांडली. तीच वाणं अनेक ठिकाणी लावायची. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांचा सरासरी उतारा काढायचा. ती त्या रानाची कुवत. मग कुवत वाढेल तसं एकेक वाण किती चढतं, ते रेघेवर पाहायचं. चढ तीव्र असला तर ते वाण भारी रानाचं. रेघ जवळजवळ आडवी असली तर ते फार चढत नाही, फार पडतही नाही. आणि ठिपके रेघ सोडून विखुरलेले असले, तर त्याचा नेम नाही.

पण आडव्या रेघेवर भाळू नका. सगळीकडे सारखंच कमी पिकणारं वाणही ‘स्थिर’च ठरतं!

तुमची,
सुमन


किबोको

ती. आबा,

मोंबासा रस्त्यावर आहे हे. उंची हजार मीटरच्या आत; ऊन आपल्या एप्रिलसारखं. इथल्या केंद्रात पिकाला मुद्दाम तहानलेलं ठेवतात. कोरड्या हंगामात मका पाण्यावर वाढवायचा आणि तुरा येण्याच्या आधी दोनेक आठवडे पाणी तोडायचं.

आज दोन शेजारच्या ओळींत बसून पाहिलं. एकीत तुरा आणि कणसाचं केसर जवळजवळ बरोबरच आलेलं. दुसरीत तुऱ्यातून पराग झडून चाललेला, हाताला पिवळी धूळ लागत होती, आणि कणसातून केसराचा पत्ता नाही. ते येईल तेव्हा पराग संपलेला असेल. दाणे भरणार कुठून? म्हणून इथले लोक उताऱ्याइतकंच तुरा आणि केसर यांतलं अंतर मोजतात.

वर मचाकोसजवळच्या काटुमानीचं एक जुनं संमिश्र वाण आहे, लवकर फुलणारं. ते दुष्काळ सोसत नाही, चुकवतं. बरा पाऊस झाला तर उशिराची संकरित वाणं त्याला सहज मागे टाकतात. पण एकरभर रानावर घर चालवणाऱ्या बाईला पावसाळा फसला तरी पोतं-दोन पोती हवीत, आणि बी घरचं धरता येतं हेही आहेच. सरासरीच्या यादीत हे वाण खाली जाईल. तिच्या हिशेबात नाही.

सुमन


नायवाशा

ती. आबा,

२०११ मध्ये बोमेट भागात मक्यावर एक जीवघेणा रोग दिसला. दोन विषाणू एकत्र आले की पानं कडेपासून वाळत जातात, कणसात मोजके दाणे उरतात. बाजारातली बहुतेक वाणं त्याला बळी पडली. वर्षानुवर्षं अनेक ठिकाणी तपासलेली वाणंही! कारण तपासणीत हा रोगच कधी आला नव्हता. म्हणून २०१३ पासून इथे मुद्दाम लागण करून वाणं पारखतात.

तेव्हा सगळ्यात चांगलं वाण मी सांगणार नाही. दुकानदार पावतीएवढ्या कागदावर सगळ्यात मोठा आकडा दाखवेल. त्याला विचारा, हा उतारा कुठल्या रानातला, ओलिताचा की कोरडवाहू, आणि पाऊस पडला नाही त्या वर्षी किती होता? विहिरीखालच्या वावराला एक वाण घ्या, माळावर दुसरं. दोन्हीकडे एकच पिशवी ओतू नका.

आईला नमस्कार.

सुमन