थांबलेले पाऊल

शिकाऱ्याच्या भयाने धावणारे हरीण वाटेत कोणासाठी थांबत नाही. माणूस मात्र क्वचित थांबतो. आणि त्या थांबण्यातच त्याची खरी ओळख पटते.

अमेरिकेत १९६३ ते १९६७ या काळात ‘द फ्युजिटिव्ह’, म्हणजे ‘फरारी’, ही दूरचित्रवाणी मालिका दाखवली जात असे. तिचे १२० भाग झाले. पत्नीच्या खुनाचा खोटा आळ आलेला डॉक्टर रिचर्ड किंबल नाव पालटून गावोगाव भटकतो, मिळेल ते काम करतो आणि एक हात नसलेल्या खुन्याचा शोध घेतो, अशी ती कथा. १९९३ साली दिग्दर्शक अँड्र्यू डेव्हिस यांनी तिच्यावरून त्याच नावाचा चित्रपट काढला. चार वर्षांची ती भटकंती आता दोन-सव्वादोन तासांत सांगायची होती. हॅरिसन फोर्ड यांनी किंबलचे काम केले. त्याचा पाठलाग करणाऱ्या जेरार्ड या अधिकाऱ्याच्या भूमिकेबद्दल टॉमी ली जोन्स यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले.

चित्रपटात आगगाडीचा भीषण अपघात आहे. धरणावरून कोसळत्या पाण्यात घेतलेली उडी आहे. परंतु मनात घर करून राहतो तो एक साधा प्रसंग.

कृत्रिम हात बसवलेल्या माणसांच्या नोंदी पाहण्यासाठी किंबल शिकागोतील एका रुग्णालयात सफाई कामगाराच्या वेषात शिरतो. काम फत्ते होते. आता मुकाट्याने बाहेर पडायचे, एवढेच उरते. परंतु तेथे अपघातातील जखमींची गर्दी उसळलेली असते. त्यांत एक लहान मुलगा वेदनेने विव्हळत असतो. किंबल त्याचे क्ष-किरणचित्र पाहतो आणि त्याच्या ध्यानात येते, की मुलाचे निदान चुकले आहे. विलंब झाला तर प्राणावर बेतेल. स्वतःच्या डोक्यावर मृत्युदंडाची टांगती तलवार आहे. ओळख पटली, तर सारेच संपले! तरीही त्याचे पाऊल थांबते. मुलाला धीर देत तो कागदावरील सूचना बदलतो आणि त्याला थेट शस्त्रक्रियेसाठी पोहोचवतो. तेथील डॉक्टरला त्याचा संशय येतो. त्याला पळ काढावा लागतो. पण मुलगा वाचतो.

मागाहून जेरार्ड तेथे येतो. हा फरारी माणूस येथे का थांबला, याचे उत्तर ऐकून तो विचारात पडतो. खुनी म्हणून ज्याला पकडायचे, तो वाटेत एका अनोळखी मुलाचे प्राण वाचवून जातो, हे कोडे त्याला सुटत नाही.

अखेर सत्य उघडकीस येते, आणि जेरार्ड स्वतःच्या हातांनी किंबलच्या बेड्या काढतो. त्या बेड्या सैल होण्यास आरंभ मात्र त्या मुलाच्या खाटेपाशीच झाला होता.