शंभर वारांच्या आंत

प्रतिवर्षीप्रमाणें ह्याहि वर्षीं वार्षिकाच्या मराठी विभागांतील चार पानें शाळेच्या वृत्तासाठीं आमच्याकडे आलीं आहेत. वृत्त थोडक्यांत असें, कीं २०२४-२५ चें शैक्षणिक वर्ष एकंदरींत सुखाचें गेलें. ग्रंथालयाला दोन नवीं कपाटें मिळालीं, व त्यांपैकीं एकाची किल्ली आठव्याच दिवशीं हरवली. जुलैंत उत्तरेकडील वर्गाचें छत गळूं लागल्यामुळें सातवीची एक तुकडी तीन आठवडे सभागृहांत बसली. खोखोचा संघ जिल्ह्याच्या सामन्यांत उपांत्य फेरीपर्यंत पोंचला. जानेवारींत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेमुळें हजेरी रोडावली. सोलापुरांत शाळा चालविणाऱ्यानें त्याबद्दल रागावण्यांत अर्थ नसतो. स्नेहसंमेलन चांगलें झालें. दहावीचा निकाल दुसरीकडे छापला आहे, तो तेथें पाहावा.

परंतु ज्या गोष्टीविषयीं शिक्षकांच्या खोलींत वर्षभर सर्वांत अधिक बोलणें झालें, तिचा उल्लेख पारितोषिक-समारंभाच्या अहवालांत कोठेंहि नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें नववीचीं चार मुलें मधल्या सुट्टींत पाण्याच्या टांकीमागें धूम्रपानाच्या प्रकरणांत सांपडलीं. बऱ्याच पालकांच्या कानीं ही बातमी तिखटमीठ लागून गेलीच आहे. तेव्हां ती येथें नीट सांगावी हें बरें, असें आम्हांस वाटलें. मुलांचीं नांवें आम्ही सांगणार नाहीं. ज्यांस तीं ठाऊक आहेत त्यांनींहि तीं विसरावीं, ही विनंति.

प्रथम शिक्षकांचें मत असें पडलें, कीं चौघांस दाखला देऊन मोकळें व्हावें. आम्हीं त्यास रुकार दिला नाहीं. मुलगा शाळेंतून गेला म्हणजे विडी सुटते असें थोडेंच आहे! जी टपरी त्याला मधल्या सुट्टींत पंधरा मिनिटें मिळत होती, ती त्याला दिवसभर मिळते, इतकेंच. तेव्हां एकेका मुलाच्या घरीं जावयाचें अगर घरच्यांस बोलावून घ्यावयाचें असें ठरलें.

पहिल्या मुलाचे वडील यंत्रमागावर आहेत. रोज संध्याकाळीं घरीं आले म्हणजे ते मुलाच्या हातीं पैसे देऊन कोपऱ्यावरून दोन सिगारेटी आणवीत. “मी त्याला आणायला पाठवतों, सर, ओढ असें कधीं म्हटलें नाहीं,” असें ते म्हणाले, आणि तें खरें होतें. परंतु मुलगा दुकानदाराच्या ओळखीचा झाला, कोणती पेटी कोठें असते हें त्याला कळलें, आणि एके दिवशीं दोनांऐवजीं त्यानें तीन मागितल्या. सन २००३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलास तंबाखूचा कोणताहि पदार्थ विकणें हा गुन्हा आहे, आणि सुटी सिगारेट विकण्यास तर महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं बंदी केली. हें आम्हीं सांगितलें, तेव्हां त्या गृहस्थांस मनापासून आश्चर्य वाटलें. आम्हांस वाटतें, ह्या शहरांत असे वडील शेंकड्यांनीं असतील. ते मुलाचें वाईट चिंतीत नाहींत, त्यांस फक्त खुर्चीवरून उठण्याचा कंटाळा असतो.

दुसऱ्या मुलाजवळ पेनाएवढी एक नळी सांपडली. तिला आंब्याचा वास येत होता. त्याच्या आईनें ती दप्तरांत पाहिली होती, पण ती संगणकाची कांहीं वस्तु असावी असें समजून परत जागच्या जागीं ठेविली. कॉलेजांत जाणाऱ्या चुलतभावानें ती दिली होती. हिला इ-सिगारेट म्हणतात. आपल्या देशांत तिचें उत्पादन, आयात व विक्री २०१९ पासून बंद आहे, तरी ती येतेच. तिच्यांत पान नाहीं, जाळ नाहीं, म्हणून ती निरुपद्रवी, असा मुलांचा समज असतो. परंतु तिच्यांतील द्रवांत बहुधा निकोटिनच असतें, आणि सवय लावणारें द्रव्य तेंच होय.

तिसऱ्या मुलाची आई विड्या वळते. सोलापुरांत ह्याचें कोणास नवल वाटणार नाहीं. अशा घरचीं मुलें आमच्या प्रत्येक वर्गांत आहेत, व आमच्या पावतीबुकांतील बराचसा पैसा टेंभुर्णीच्या पानांतून आलेला आहे. कारखान्यांतून पान, तंबाखू व सूत घरीं आणावयाचें. पान भिजवून मऊ करावयाचें. पत्र्याचें माप ठेवून कातरीनें कापावयाचें. चिमूटभर तंबाखू पसरून वळावयाचें, तोंड दुमडावयाचें आणि सूत बांधावयाचें. अशा हजार झाल्या म्हणजे त्यांची मजुरी. एकट्या बाईस त्याला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वेळ लागतो, आणि कारखान्यांत देतांना ज्या वाईट ठरून बाजूस काढल्या जातात, त्यांचा तोटा वळणारीचा.

बाई शाळेंत आल्या त्या काम अर्धें टाकूनच आल्या होत्या. त्यांची घरची भाषा तेलुगु; मराठी त्या थांबत थांबत बोलत. मुलगा विड्या ओढतो हें ऐकून त्या दचकल्या नाहींत. “रोज सहा-सात कमी भरतात, हें मला जूनपासून ठाऊक आहे, सर. मोजतें ना मी. रात्रीं बसून भरून काढतें,” त्या म्हणाल्या. मुलाला कां विचारलें नाहीं, असें आम्हीं म्हटलें, तेव्हां त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी वळतें त्या कोणाचा तरी मुलगा ओढतोच ना? मग माझ्या मुलाला मी कोणत्या तोंडानें सांगूं?”

ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्या खोलींतील एकाहि पदवीधराजवळ नव्हतें, व आजहि नाहीं. मात्र त्या दिवसापासून वर्गांत ह्या विषयावर बोलण्याची आमची रीत बदलली. विडीची निंदा करितांना ऐकणाऱ्यांपैकीं दहा-बारा मुलांना ती आपल्या आईची निंदा वाटते, हें ध्यानांत ठेवूनच बोलावें लागतें. वळणारी बाई स्वतः ओढीत नाहीं, तरी तंबाखूची धूळ तिच्याहि छातींत जातेच. ह्या धंद्यांत सर्वांत थोडें तिलाच मिळतें. त्या मुलाला विडीच्या धुरानें फुफ्फुसें बिघडतात हें सांगितलें, तेव्हां त्याच्या चेहऱ्यावर कांहींच उमटलें नाहीं. मग गणिताच्या शिक्षकांनीं फळ्यावर हिशेब मांडला: दिवसास सात, असे साठ दिवस, चारशें वीस विड्या, म्हणजे आईच्या जवळजवळ अर्ध्या दिवसाचें काम. मुलानें तो आंकडा दोनदां वाचला व मान खालीं घातली.

चौथा मुलगा ओढीत नव्हता. तो नुसता पहारा देत होता, आणि चौघांत सर्वांत अधिक तोच रडला.

येथें थोडें जुनें सांगतों. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर दक्षिणेंत आली. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापुराहून परततांना ती रत्नजडित हुक्क्यासह बादशहापुढें घेऊन गेला. विजापूर म्हणजे आमच्यापासून शंभर किलोमीटरांच्या आसपास. दरबारच्या हकिमानें तेव्हांच हरकत घेतली, कीं ह्या वस्तूचे गुणदोष आम्हांस ठाऊक नाहींत. पुढें १६१७ सालीं जहांगिरानें तिला बंदी केली, ती कोणीं जुमानली नाहीं. गुणदोष नीट कळावयास साडेतीनशें वर्षें लागलीं: १९५० सालीं डॉल व हिल ह्या दोघां इंग्रज संशोधकांनीं फुफ्फुसाच्या कर्करोगाचे रोगी व इतर रोगी ह्यांची तुलना करून धूम्रपानाशीं त्या रोगाचा संबंध दाखविला. त्यापूर्वीं शाळामास्तर मुलांस विडी ओढूं नका असें सांगत ते शिस्तीसाठीं. आज आमच्याजवळ कारण अधिक पक्कें आहे. ऐकणारे मात्र तेव्हांइतकेच आहेत.

विडी सिगारेटीहून सौम्य, हा समज आमच्या कांहीं पालकांचाहि आहे. विडींत तंबाखू थोडी असते हें खरें, परंतु ती लवकर विझते, म्हणून वारंवार आणि जोरानें ओढावी लागते, आणि धूर अधिक खोल जातो. धुरांतील निकोटिन कांहीं सेकंदांत मेंदूपर्यंत पोंचतें, व वाढीच्या वयांतील मेंदूस त्याची चटक मोठ्या माणसाहून लवकर लागते. सन २०१९ मध्यें आपल्या देशांत शाळकरी मुलांची जी पाहणी झाली, तींत तेरा ते पंधरा वर्षें वयाच्या शंभर मुलांत साडेआठ मुलें कोणत्या ना कोणत्या रूपांत तंबाखू घेणारीं आढळलीं. आणि विडी ओढलेल्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांनीं ती दहावा वाढदिवस होण्यापूर्वींच प्रथम ओढली होती. तेव्हां हा विषय नववींत काढणें म्हणजे उशीरच होय. ह्या वर्षापासून तो आम्ही पांचवींत काढला आहे.

सप्टेंबरांत पालकसभा झाली. घरांत कोण तंबाखू वापरतें असें विचारतां चार हात वर झाले. मग मशेरी कोण लावतें, चुना-तंबाखू कोण खातें, असें एकेक विचारलें, आणि निम्में सभागृह हात वर करून बसलें. “ती काय तंबाखू? ती तर दांताला लावायची,” असें एक आजी म्हणाल्या, व सर्व हंसले. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, हें त्यांस सांगणें त्या हंशांत राहून गेलें असतें. पण त्यांच्या नातीनेंच तें उठून सांगितलें. ती सहावींत आहे.

आतां टपऱ्यांविषयीं. शाळेपासून शंभर वारांच्या आंत तंबाखूची विक्री करूं नये, असा कायदा आहे, व तें अंतर कुंपणाच्या बाहेरच्या हद्दीपासून सरळ रेषेंत धरावयाचें असतें. शंभर वार म्हणजे ९१.४४ मीटर. भूमितीच्या शिक्षकांनीं नववीच्या मुलांस टेप देऊन हें काम सांगितलें, आणि टेप धरणाऱ्यांत ते चौघे मुद्दाम घेतले. दरवाजासमोरची टपरी चाळीस वारांवर निघाली; तींत वादाला जागाच नव्हती. दुसरी वळणापलीकडे होती. तिचा मालक आमचाच माजी विद्यार्थी. “शंभर वार केव्हांच संपले, चालून पाहा,” असें तो म्हणाला, आणि रस्त्यानें चालून जातां अंतर ११६ मीटर भरलें, हें खरें. परंतु रस्ता ८० मीटर सरळ जाऊन काटकोनांत वळतो आणि पुढें गल्ली ३६ मीटर आहे. मुलांनीं फूटपाथवर खडूनें काटकोन त्रिकोण काढला, वर्ग केले, बेरीज केली, व कर्ण ८८ मीटरांच्या आंत आला: सुमारें ९६ वार. मालकानें आंकडेमोड दोनदां तपासली. पायथागोरसनें आपल्याला शाळेंतहि असेंच छळलें होतें, असें तो म्हणाला.

सिगारेटींत नफा फारसा नाहीं, पण तिच्यासाठीं येणारा चहा घेतो, हें त्याचें म्हणणें होतें, आणि तें आम्ही खोटें म्हणत नाहीं. त्याचें घर त्या टपरीवर चालतें. आम्हीं त्याच्याशीं भांडलों नाहीं. मुलांस विकूं नये, इतकें वचन घेतलें. समोरच्या टपरीविषयीं मात्र संबंधित कचेरींत अर्ज दिला. त्याची पोच आमच्याजवळ आहे, आणि टपरीहि आहे तेथेंच आहे.

पालकांस दोन गोष्टी कळवावयाच्या आहेत. मुलगा विडी ओढतो असें कळल्यास त्याला मारूं नये. आम्हीं पाहिलें आहे, कीं मार खाल्लेला मुलगा विडी सोडीत नाहीं, बडीशेप खावयास शिकतो. आणि मुलास अगर स्वतःस व्यसन सोडावयाचें असल्यास सरकारनें १८००-११२-३५६ हा विनामूल्य दूरध्वनि क्रमांक ठेविला आहे. त्यावर समजुतीनें बोलणारीं माणसें असतात. यंत्रमागावरील त्या गृहस्थांनीं तो आमच्याकडून लिहून घेतला होता. मुलाला कोपऱ्यावर पाठविणें त्यांनीं बंद केलें आहे. सिगारेट अद्याप सुटलेली नाहीं.

ते चौघे जून २०२५ मध्यें दहावींत गेले. तिघांविषयीं वर्गशिक्षकांची तक्रार नाहीं. नळीवाल्याविषयीं अजून थोडी शंका आहे. विडीवाल्या मुलाच्या आईचा आंकडा आतां पुरा भरतो, असा त्यांनीं निरोप धाडला. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या माजी विद्यार्थ्यानें टपरी गल्लींत सोळा मीटर आंत नेली, आणि खात्रीसाठीं शाळेकडे टेप मागून पाठविली. मुलांनीं पुन्हां खडू घेतला: ८० चा वर्ग, ५२ चा वर्ग, बेरीज ९१०४, कर्ण ९५.४ मीटर. एकशें चार वार.