दोघांत मिळून अर्धं तिकीट

माणूस जिवंत आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे फार थोड्यांना आहे. एक डॉक्टर, दुसरा यम आणि तिसरा मी. मी म्हणजे बँकेतला कारकून. आता कागदोपत्री आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात, पण त्यामुळे पगाराच्या आकड्यात आणि बायकोच्या मतात फारसा फरक पडलेला नाही. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला माझ्या खिडकीपुढे उभी राहतात. मी चष्म्यावरून एकदा त्यांच्याकडे आणि एकदा फोटोकडे बघतो. सही साहेबांची, पण शिक्का माझा. शिक्का पडला की तो गृहस्थ पुढच्या नोव्हेंबरपर्यंत सरकारदरबारी जिवंत. मधल्या काळात तो खरोखर काय करतो, याची चौकशी कुठल्याच फॉर्मात नाही.

ती चौकशी मला फुकटात करायला मिळाली, कारण आमच्या प्रतापनगरच्या लेआउटमध्ये शेजारच्याच घरात काका-काकू राहतात. काका शहात्तर वर्षांचे. आयुष्य सरकारी लेखा खात्यात गेलं. काकू एकाहत्तरच्या. त्यांचं आयुष्य काकांच्या लेखा खात्यात गेलं. मुलगा पुण्याला, मुलगी बेंगळुरूला, आणि दोघं नागपूरला. हा त्रिकोण आता महाराष्ट्रात घरोघरी आहे, तेव्हा त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

निवृत्त जोडपं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक झोपाळा येतो, त्यावर एक म्हातारा पेपर वाचतोय आणि म्हातारी तांदूळ निवडतेय. काका-काकूंच्या घरी झोपाळा आहे, पण त्यावर बसायला कोणाला सवड नाही. पहाटे साडेपाचला काका बागेत हास्यक्लबला जातात. हा हास्यक्लब म्हणजे 1995 साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केलेला प्रकार. तो आमच्या लेआउटपर्यंत पोचायला काही वर्षं लागली, पण पोचल्यापासून आमच्या घरात गजराचं घड्याळ लागलेलं नाही. पंधरा-वीस ज्येष्ठ नागरिक एकदम खदाखदा हसले की आधी कुत्री उठतात, मग मी. हसून झालं की तेच ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या वर्गणीवरून कडाकडा भांडतात. काका मंडळाचे हिशेबनीस. एकदा सव्वीस रुपयांचा फरक येत होता म्हणून त्यांनी कोजागिरीचं दूध आटेपर्यंत वही सोडली नाही. शेवटी ते सव्वीस रुपये चारोळीत सापडले. काकूंचं भजनी मंडळ वेगळं, हळदीकुंकवाचा हिशेब वेगळा, आणि तो त्या वहीत लिहीत नाहीत, तोंडपाठ ठेवतात. त्यात आजवर एक पैशाचा फरक आलेला नाही. पण हे काकांपुढे बोलायची सोय नाही.

त्यांचा खरा संसार मात्र एस.टी.त चालतो. 26 ऑगस्ट 2022 पासून महामंडळाने पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात फुकट प्रवास दिला आणि 17 मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट केलं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत, पुरुषांना 40 टक्के आणि बायकांना 50, ती मार्च 2020 मध्ये बंद झाली होती. त्या दु:खातून काका नुकते सावरत होते. पंच्याहत्तरावा वाढदिवस झाला, मुलांनी केक पाठवला, तो तसाच ठेवून काका आधार कार्ड घेऊन गणेशपेठच्या स्टँडवर गेले. काकूंना हाक मारून म्हणाले, "चल गं, आता आपण दोघं मिळून अर्ध्या तिकिटात महाराष्ट्र पाहू."

फुकट म्हणजे तिकीट नाही असं नव्हे हो. कंडक्टर यंत्रातून शून्य रुपयांचं तिकीट काढून देतो. दुसरा कोणी असता तर ते खिडकीतून सोडून देता. काका लेखा खात्यातले. त्यांनी एक फाईल केली, तीवर 'शून्य' असं लिहिलं, आणि प्रत्येक शून्याच्या तिकिटाशेजारी पेन्सिलीने खरं भाडं लिहायला लागले. महिन्याच्या शेवटी बेरीज. त्या वाचलेल्या रकमेतून काकूंचं अर्धं तिकीट वजा.

"तुमच्या शून्यातूनच माझं अर्धं निघून राहिलं," काकू म्हणतात. "आयुष्यभर हेच तर केलं ह्यांनी."

असे ते रामटेकला किती वेळा गेले याची गणती नाही. पन्नासेक किलोमीटर, सकाळी निघायचं, गडावर जायचं, डबा खायचा, संध्याकाळी परत. शेगाव झालं, सेवाग्राम झालं, लोणारचं सरोवर झालं, चिखलदऱ्याला काकूंना थंडी वाजली म्हणून काकांनी स्वत:चा मफलर दिला आणि नागपूरला येऊन आठ दिवस स्वत: शिंकले. एकदा जामसावळीच्या हनुमानाला निघाले. सावनेर मागे पडलं आणि कंडक्टर तिकिटाचे पैसे मागायला आला. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, पुढे मध्य प्रदेश! काका म्हणतात, मी तिथं बसल्या जागी शहात्तरचा पंचवीस वर्षांचा झालो. काकू म्हणतात, तरुण झाले खरे, पण तोंड पाहायला पाहिजे होतं तुम्ही.

आता खरी गोष्ट सांगतो.

जूनमध्ये दोघं पुण्याला मुलाकडे गेले. मुलाने विमानाचं तिकीट काढतो म्हटलं होतं, पण शून्याशी स्पर्धा करणारी विमान कंपनी अजून निघायची आहे. सातशेहून अधिक किलोमीटर रात्रभर हलत गेले. काकांच्या कमरेने पुढचे चार दिवस त्याचा हिशेब दिला, पण फाईलमध्ये मोठा आकडा पडला. मुलगी पण बेंगळुरूहून आली होती. रात्री जेवणं झाल्यावर मुलांनी विषय काढला. मुलीचं बाळ सात महिन्यांचं, तिची रजा संपलेली. आईने तिकडे यावं. मुलाचा मुलगा दुपारी शाळेच्या बसमधून उतरतो तेव्हा घरी कोणी नसतं. बाबांनी इकडे राहावं. नागपूरच्या उन्हात तुम्ही दोघं एकटे असता, आमचा जीव लागून राहतो, असंही म्हणाले.

यात मुलांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मी कॉमर्सचा पदवीधर. साधनांचं वाटप म्हणतात ते हेच. दोन घरं, दोन गरजा, दोन माणसं. ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळतो. काका हो म्हणाले. काकू पण हो म्हणाल्या. मागाहून मला कळलं, काकूंना हवं असेल म्हणून काका हो म्हणाले आणि काकांनी हो म्हटलं म्हणून काकू. पन्नास वर्षांच्या संसारात हे असंच चालत आलेलं आहे. फक्त या खेपेला दोघांच्या मध्ये आठशेक किलोमीटर आले.

आणि मग मला फोन सुरू झाले.

पहिला काकांचा. "काय म्हणते बँक? ठेवीवरचं व्याज काय चालून राहिलं?" व्याज सांगितलं. ते गप्प. मग म्हणाले, "तुझ्या काकूचा फोन आलता का तिकडे? नाही, सहज विचारलं. तिची ती सकाळची बीपीची गोळी... बायकोला म्हणा, सहज विचारून घे. मी विचारलं म्हणून सांगू नको."

दुसरा काकूंचा, आमच्या हिच्या फोनवर. तुळशीला पाणी घालता ना, एवढं विचारायला. तुळशीचं झालं. मग, "ह्यांचा काही फोन? जेवण बरोबर होते का? सूनबाई चांगलीच आहे हो, पण ह्यांना वरणावर तूप नाही दिलं तर मागत नाहीत. तसेच उठतात."

मी म्हटलं, काकू, तुम्हीच विचारा ना त्यांना. तर म्हणाल्या, "फोनवर काय बोलायचं? सगळे समोर बसले राहतात."

दोन महिने मी क्लिअरिंग हाऊस चालवलं. पुण्याचा चेक बेंगळुरूला, बेंगळुरूचा पुण्याला, व्हाया प्रतापनगर. गोळी चालू आहे. तूप सुरू झालं. काकूंना तिथल्या बाजारात मजा आली. आपण नागपूरकर कोथिंबिरीला सांबार म्हणतो आणि त्यापायी पुण्यात फजिती करून घेतो, पण काकूंना वाटलं बेंगळुरूत तरी सांबार समजेल. भाजीवाल्याला समजलं. त्याने हात लांब करून कोपऱ्यावरचं हॉटेल दाखवलं. हे मी काकांना सांगितलं तेव्हा फोनवर हास्यक्लबचं नव्हे, खरं हसू ऐकू आलं, आणि ते जरा जास्तच वेळ चाललं. मग त्यांनी फोन ठेवून दिला.

पोळ्याला आठ दिवस उरले असताना काकांचा फोन. व्याज विचारलं नाही. "तान्ह्या पोळ्याचं परीक्षण कोण करून राहिलं यंदा?"

तान्हा पोळा आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असतो. पोरं लाकडी बैल सजवून आणतात, घरोघर जातात, मोठी माणसं त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात. आमच्या लेआउटमध्ये उत्तम बैलाला बक्षीस असतं आणि गेली बारा वर्षं परीक्षक काका. मी म्हटलं, समोरचे इंजिनियर करतो म्हणालेत. "त्याला बैलातलं काय समजते?" काका म्हणाले. "मी येतो."

आणि दोन दिवसांत काकू: "महालक्ष्म्या नागपूरच्याच घरी बसतात. मुखवटे काय बेंगळुरूला नेता येतात? मी येतो म्हटलं पोरीला." बाळासाठी तिथं चांगली बाई मिळाली होती आणि पुण्याचा नातू आता शेजारच्या मित्राकडे दुपारी थांबायला शिकला होता. म्हणजे ताळेबंद तसाही जुळत होता. पण दोघांनी कारण सांगितलं ते हे. काकांचं लाकडी बैल आणि काकूंचं महालक्ष्म्या. एकमेकांचं नाव दोघांनीही घेतलं नाही. अशा कामाला देव फार उपयोगी पडतात.

काका पुण्याहून शून्य तिकिटाने आले. दुसऱ्या दिवशी काकूंचं विमान. माझ्या जुन्या मारुतीतून मी काकांना सोनेगावला नेलं. विमान उतरायला तास होता आणि काका काचेला नाक लावून उभे. काकू बाहेर आल्या, बारीक झालेल्या, हातात बेंगळुरूची पिशवी. दोन महिन्यांनी नवऱ्याला पाहून पहिलं वाक्य बोलल्या, "दाढी काऊन नाही केली?"

"तू येणार होती, घाईत राहिली," काका म्हणाले. मी गाडी आणायच्या निमित्ताने पुढे निघालो.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशीच नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. 1880 च्या दशकापासून चालत आलेली काळी आणि पिवळी मारबत, सोबत चालू काळातल्या त्रासांचे बडगे. जुन्या शहरात दोघींची भेट होते, आणि लोक ओरडून सांगतात की सगळी रोगराई, सगळी पीडा घेऊन जा. काका दरवर्षी मंडळातल्या सर्वांच्या वतीने ओरडतात. साखर, रक्तदाब, गुडघे, नावानिशी यादी असते. यंदा यादी खिशातच राहिली. नुसतेच ओरडले, काय ते गर्दीत मला ऐकू आलं नाही. संध्याकाळी बैलाचं बक्षीस त्यांनी सर्वांत वेड्यावाकड्या बैलाला दिलं. एक शिंग तुटलेलं होतं. इंजिनियर अजून बोलत नाहीत.

मग आला नोव्हेंबर. काका माझ्या खिडकीपुढे, काकू मागे. आता 'जीवन प्रमाण' म्हणून संगणकावर दाखला निघतो, 2014 पासून, अंगठा लावला की झालं. काकांनी अंगठा लावला. यंत्र म्हणालं, जुळत नाही. पुसून लावला. जुळत नाही. वय झालं की बोटांवरच्या रेषा झिजतात. "आयुष्यभर नाणी आणि वह्या मोजल्या, झिजणारच," काका म्हणाले. शेवटी जुना कागदी फॉर्म काढला. चष्म्यावरून पाहिलं, फोटो पाहिला, शिक्का मारला.

काकू म्हणाल्या, "आता माझा."

"काकू, तुम्हाला लागत नाही. पेन्शन काकांची आहे."

"म्हणजे मी आहे की नाही, ते सरकारला कोणी विचारत नाही?"

"खातं दोघांचं आहे ना काकू. दोघांपैकी एक किंवा हयात असलेला, असं लिहिलेलं आहे."

"ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांनी दोनदा समजावून दिलं. स्लिप भरायची शिकवली. मी शिकली पण. ते राहू दे. तू माझा फॉर्म घे."

मागे रांग होती. साहेब केबिनमधून पाहत होते. मी एक कोरा फॉर्म काढला. पेन्शन क्रमांकाच्या रकान्यात रेघ ओढली. काकूंनी सावकाश, पूर्ण नावाने सही केली. मी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. ऑडिटवाल्याने पाहिलं तर खुलासा काय द्यायचा, तो अजून सुचलेला नाही.

पण पाहणार कसा? फॉर्म काकांनी लगेच घडी करून पिशवीतल्या 'शून्य' फाईलमध्ये लावला, आणि फाईलीची दोरी बांधत म्हणाले, "चल, दुपारची रामटेकची गाडी सापडेल."