तेल आणि हात

20 ऑक्टोबर 2025, जवाहरनगर
नरकचतुर्दशी. पहाटे चारला हिने पाठीला तेल लावलं. वाग्भटाने अभ्यंग रोजचा सांगितला आहे. त्यातही विशेष करून डोकं, कान, पाय. आपण वर्षातून एकदा उरकतो. अजीर्ण असेल तर तेल नको, हेही त्याने बजावून ठेवलंय. म्हणजे उद्यापासून, चिवडा-चकल्यांनंतर, मला सुटीच.

25 ऑक्टोबर
लेक बाळंतपणाला आलीय, त्यामुळे मालिशवाली बाई रोज येते. पाय पसरून बसते, नडग्यांवर नातीला पालथं घालते. दोन मिनिटं आकांत, मग पोर एकदम सैल. 1986 साली मायामीच्या टिफनी फील्ड यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रोज तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस मालिश करवली. त्यांचं रोजचं वजन इतरांपेक्षा 47 टक्के जास्त वाढलं. बाईला सांगितलं. ‘‘मंग? त्याच्यासाठीच तं करतो जी,’’ म्हणाली.

जाता जाता तिने माझा खांदाही रगडला. लसूण-ओवा घालून कढवलेलं तिळाचं तेल. दुपारी दोन तास मेल्यासारखा झोपलो. फॅक्टरीत इतकी वर्षं शिफ्ट केल्या, पण खांदा असा सुटला नव्हता. मालिशने अंगातलं ‘विष’ निघतं म्हणतात, त्यावर माझा विश्वास नाही. 2012 च्या एका प्रयोगात व्यायामानंतर चोळलेल्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल कमी झालं नव्हतं. सुजेचे संकेत मात्र मंदावले होते. मला तेवढं पुरे.

9 नोव्हेंबर
पुण्याहून ट्रॅव्हल्सने आलो. रात्रभर एकाच कुशीवर. डावी पोटरी टणक झालीय. ही म्हणाली, उद्या बाईकडून चोळून घ्या.

10 नोव्हेंबर
बाईने पाय पाहिला, उलट्या हाताने चाचपला, आणि तेलाची वाटी बाजूला सारली. ‘‘दोन्ही सुजले असते तं गोष्ट अलग. एकच सुजला, तोई गरम. मी नाई हात लावत. पह्यले डॉक्टरले दाखवा.’’
मला रागच आला. पैसे देऊनही नाही म्हणते!

11 नोव्हेंबर
भंडाऱ्यात डॉप्लर केली. पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गाठ. चोळली असती तर सुटून फुप्फुसात जायची भीती. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू. डॉक्टरांनी विचारलं, मालिश नको हे कुणी सांगितलं? सांगितलं. ते हसले नाहीत.

23 नोव्हेंबर
थंडी पडलीय. बाई शेगडीवर वाटी गरम करत होती. मी लांब खुर्चीत, पाय स्टुलावर.
‘‘दिवसाला किती घरं?’’
‘‘पाच.’’
‘‘मग तुमचे हात कोण चोळून देतं?’’
ती नुसती हसली. नातीच्या टाळूवर तेल जिरवलं, पोर आईकडे दिली, आणि वाटीत उरलेले चार थेंब आपल्याच कोपराला लावले.